पुढच्या दारी, मागच्या दारी

पुरातत्त्वाचे विद्यार्थी एरवी खापरं धुतात, मणी मोजतात, चुलीतली राख चाळतात. अॅरिझोना विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांच्या पुढ्यात १९७३ साली आला तो मात्र ताजा, वास मारणारा कचरा. टूसॉन शहराच्या सफाई खात्यानं निवडक वस्त्यांमधून उचललेल्या पिशव्या त्यांच्यापर्यंत पोचत. धनुर्वाताची लस टोचून घ्यायची, हातमोजे चढवायचे, पिशवी टेबलावर उपडी करायची आणि एकेक जिन्नस हातात घेऊन नोंद करायची. बीअरचा डबा असेल तर कुठल्या कंपनीचा, केवढा. पाव असेल तर किती उरला. मांसाचा तुकडा असेल तर त्याचं वजन किती. पिशवी कुणाच्या घरची हे कुठंही लिहायचं नाही, वस्ती तेवढी लिहायची.

हा उद्योग विल्यम रॅथजी यांचा. ते माया संस्कृतीचे अभ्यासक. मेलेल्या शहराचा उकिरडा उपसून तिथली माणसं काय खात होती हे सांगता येतं, मग जिवंत शहराच्या उकिरड्यावरून का सांगता येऊ नये, असा त्यांचा साधा सवाल होता. त्यांचा 'गार्बेज प्रोजेक्ट' पुढं काही दशकं चालला आणि न्यूयॉर्कच्या फ्रेश किल्स या अवाढव्य कचराभूमीपर्यंत पोचला. पण त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट टूसॉनमध्येच हाती लागली होती. रॅथजींनी एकाच वस्तीला दोन वाटांनी प्रश्न विचारला. पुढच्या दारी जाऊन, 'आठवड्याला तुमच्याकडे काय काय खाल्लं-प्यायलं जातं?' आणि मागच्या दारी, कचऱ्याच्या पिशवीला.

उत्तरं जुळली नाहीत. दारू लोक सांगत त्यापेक्षा साधारण ४० ते ६० टक्के जास्त प्यायली जात होती. साखर, चिप्स, चॉकलेट-गोळ्या, बेकन यांचे आकडे तोंडी उत्तरात आक्रसत. उलट कॉटेज चीज नावाचं बेचव, पथ्याचं चीज लोक प्रत्यक्षाच्या चौपट खात असल्याचं सांगत. या सगळ्या प्रकाराला रॅथजींनी त्या काळी खपणाऱ्या एका 'हलक्या' तयार जेवणाच्या नावावरून 'लीन क्विझीन सिंड्रोम' म्हटलं. अजून एक गंमत होती. स्वतःच्या पिण्याबद्दल कुणी धड सांगत नसे, पण घरातल्या दुसऱ्या माणसाच्या पिण्याबद्दल विचारलं की हिशेब बऱ्यापैकी अचूक निघे!

'अमेरिकन माणूस कसा आहे?' या प्रश्नाला मराठी घरांत उत्तरांची वाण नाही. सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीत राहून आलेल्या प्रत्येकाकडे एक तयार असतं: ते घरी स्वयंपाक करत नाहीत, ते सारखे कामात असतात, ते दर रविवारी चर्चला जातात किंवा अजिबात जात नाहीत. वर्तमानपत्रं त्यात टक्केवारीची भर घालतात. जगात स्वतःबद्दल इतक्या चौकशा करणारा, इतके आकडे जमवणारा आणि ते चव्हाट्यावर मांडणारा दुसरा समाज सापडणं कठीण. तेव्हा त्या आकड्यांवरून अमेरिकन सवयी कळायला हव्यात. कळतातही; पण एकेका आकड्याकडं पाहून क्वचितच. एकाच सवयीबद्दलचे दोन आकडे जिथं एकमेकांशी भांडतात, तिथं माणूस दिसू लागतो.

चोवीस लाखांची चूक

लोकांना विचारण्याचा धंदा अमेरिकेत उभा राहिला तो मासिकांच्या जाहिरातींमुळं. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' काढणाऱ्या कर्टिस कंपनीनं १९११ साली चार्ल्स कूलिज पार्लिन यांना ग्राहकांचा अभ्यास करायला नेमलं. त्यांचा एक किस्सा या क्षेत्रात आजही सांगतात. कॅम्बेल सूपवाल्यांना वाटे की आपले डबे श्रीमंत घरांत जातात. पार्लिननी फिलाडेल्फियाच्या वेगवेगळ्या वस्त्यांतला कचरा गोळा करवला. डबे सापडले कामगार वस्तीत. श्रीमंतांकडं सूप करायला स्वयंपाकीण होती. किश्शाला तिखटमीठ लागलं असेल, पण दिशा बरोबर आहे: गिऱ्हाईक कोण हे दुकानदाराच्या मनात एक असतं आणि उकिरड्यावर दुसरं.

१९३६ साली हा धंदा साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर आला. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी लोकांना कौलपत्रिका पाठवल्या. जवळजवळ चोवीस लाख परत आल्या. निष्कर्ष: रिपब्लिकन आल्फ लँडन ५७ टक्के मतांनी जिंकणार. प्रत्यक्षात डेमोक्रॅट रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. लँडनना मिळाली मेन आणि व्हरमाँट ही दोनच. त्याच निवडणुकीत आयोवातून आलेल्या जॉर्ज गॅलप या पस्तिशीच्या तरुणानं डायजेस्टच्या एका लहानशा अंशाइतक्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. शिवाय डायजेस्टचा अंदाज काय येईल आणि तो कसा चुकेल, हेही आधीच जाहीर करून ठेवलं. दोन वर्षांत डायजेस्ट बंद पडलं.

डायजेस्टनं पत्ते घेतले होते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी कुणाकडं होत्या, हे सांगायला नको. पाठ्यपुस्तकं इथंच थांबतात. पण पुढं जुनी माहिती पुन्हा तपासली तेव्हा दुसरं कारणही तितकंच जड निघालं: पत्रिका मिळूनही ज्यांनी ती परत पाठवलीच नाही, त्यांत रूझवेल्टचे मतदार जास्त होते. उत्तर देणारा आणि न देणारा ही दोन वेगळी माणसं असतात. आजच्या सगळ्या पाहण्यांचा घसा याच हाडानं धरलाय.

गॅलपलाही धडा मिळालाच. १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी रिपब्लिकन ड्युईंना ४९.५ आणि डेमोक्रॅट ट्रूमनना ४४.५ टक्के मतं दिली. ट्रूमनना ४९.५ मिळाली आणि ड्युई ४५ वर थांबले. चौकशी समितीनं दोन दोष दाखवले. पाहणी मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवली होती. आणि इतके पुरुष, इतक्या बायका, इतके गरीब असा कोटा ठरवून देऊन त्या कोट्यात कुणाला विचारायचं हे पाहणी करणाऱ्यावर सोडलं होतं. साहजिकच तो सोयीची, नीटनेटकी, दार उघडणारी माणसं गाठे. त्यानंतर निवड माणसाच्या हातून काढून चिठ्ठीच्या, म्हणजे संभाव्यतेच्या हाती देण्याकडं शास्त्र वळलं.

या वळणावर एक मराठी नाव भेटतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतातल्या पिकांच्या नमुना पाहण्यांची घडी बसवली. शेतातला कुठला तुकडा कापून तोलायचा हे शेतकऱ्यानंही ठरवायचं नाही आणि तलाठ्यानंही नाही, हे त्यातलं मूळ सूत्र. त्यांचा नमुना पाहणीवरचा ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेबरोबर आयोवा स्टेट कॉलेजच्या छापखान्यानंही काढला. गॅलपच्याच आयोवात, अमेरिकी संख्याशास्त्राच्या एका मोठ्या केंद्रात, आपल्याकडच्या गव्हा-भाताच्या शेतांतलं शहाणपण असं पोचलं.

सरासरी गावाची निवड

'सामान्य अमेरिकन' ही कल्पना कुठून आली? तिला एक पत्ता आहे: मन्सी, इंडियाना. रॉबर्ट आणि हेलन लिंड हे जोडपं १९२४ च्या सुरुवातीला तिथं राहायला गेलं. मानववंशशास्त्रज्ञ दूरच्या बेटांवरच्या जमातींकडं जसं पाहतात तसं आपल्याच गावाकडं पाहायचं, असा त्यांचा बेत. लोक पोट कसं भरतात, घर कसं चालवतात, मुलं कशी शिकवतात, फावला वेळ कसा घालवतात, हे सगळं त्यांनी नोंदलं. १९२९ साली 'मिडलटाउन' हे पुस्तक आलं आणि चक्क खपलं. मोटारगाडीनं काय केलं याचं त्यातलं चित्र आजही ताजं वाटतं: बायका कपड्यांवाचून राहायला तयार, पण गाडी सोडायला नाही, रविवारची प्रार्थना मागं पडते ती रविवारच्या फेरफटक्यामुळं.

मन्सी मग अमेरिकेची सरासरी म्हणून प्रसिद्ध झालं. 'लाइफ' मासिकानं छायाचित्रकार पाठवला, मालाची चाचणी घ्यायला कंपन्या आल्या. पण लिंड जोडप्यानं एक गोष्ट उघडपणे केली होती. त्यांना उद्योगांमुळं बदलणारं, एकजिनसी गाव हवं होतं, म्हणून त्यांनी अभ्यास बहुतांशी देशातच जन्मलेल्या गोऱ्या रहिवाशांपुरता ठेवला. मन्सीत कृष्णवर्णीयांची वस्ती होती, आणि त्या भागातल्या तशा शहरांच्या मानानं ती कमी नव्हती. ती पुस्तकात आलीच नाही. त्या वस्तीची कहाणी सविस्तर पुस्तकात यायला २००४ साल उजाडलं. तोवर पाऊण शतक 'टिपिकल अमेरिकन' म्हणून जो माणूस जाहिरातींत, भाषणांत आणि आपल्याकडच्या प्रवासवर्णनांतही वावरला, तो असा वगळून तयार झालेला होता. सरासरी काढताना आधी कुणाला बाहेर बसवलं, हे विचारायची सवय मन्सीनं लावली.

अंड्याची गोष्ट

लोक खरं सांगत नाहीत हे कळल्यावर कंपन्यांपुढं दोन रस्ते होते: बघत बसायचं किंवा मनात शिरायचं. दुसऱ्या रस्त्याचा वाटाड्या अर्न्स्ट डिक्टर. व्हिएन्नात मानसशास्त्र शिकलेला हा ज्यू गृहस्थ १९३८ साली अमेरिकेत आला. लवकरच त्यानं आयव्हरी साबणासाठी लोकांना साबणाबद्दल काही न विचारता आंघोळीबद्दल बोलतं केलं. कुणी शनिवारच्या भेटीआधी घासूनपुसून न्हातं, कुणी दिवसाचा शीण आणि अपराध दोन्ही धुऊन टाकतं. हडसन नदीकाठच्या क्रोटनमध्ये त्यानं मोठी संस्था उभी केली. १९५७ साली व्हान्स पॅकार्ड यांनी 'द हिडन परस्युएडर्स' लिहून या मंडळींना देशभर बदनाम केलं आणि त्यांचा धंदा आणखी वाढवला.

डिक्टरच्या नावावर एक गोष्ट जगभर सांगितली जाते. तयार केकचं पीठ विकलं जात नव्हतं. नुसतं पाणी घालून केक होतो याची बायकांना टोचणी लागे. डिक्टरनं सुचवलं, अंडं त्यांना घालू द्या. कंपनीनं पिठातली अंड्याची पूड काढली आणि खप वाढला. व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास येणारी ही गोष्ट आहे. पण पिट्सबर्गच्या डफ कंपनीनं १९३० च्या दशकातच पेटंटच्या कागदात नोंदवून ठेवलं होतं की गृहिणींना ताजं अंडं वापरायला आवडतं. डिक्टर तेव्हा व्हिएन्नातच होता. शिवाय ताज्या अंड्यानं केक चवीला आणि पोताला सरस होतो, हे कारण मानसशास्त्राइतकं झगझगीत नसलं तरी चांगलं भक्कम आहे. ग्राहक संशोधनातल्या सुरस कथांना हीही एक खोड असते: संशोधकाला हुशार ठरवणारी आवृत्ती टिकते.

प्रश्न बरोबर असूनही उत्तर चुकतं, याचं उदाहरण कोका-कोलानं घालून दिलं. पेप्सीच्या चव-चाचण्यांनी धास्तावून कंपनीनं नव्या, अधिक गोड कोकच्या जवळपास दोन लाख चाचण्या घेतल्या. लोकांनी नवी चव पसंत केली. २३ एप्रिल १९८५ रोजी नवा कोक आला आणि जुना बंद झाला. कंपनीच्या फोनवर रोज दीड हजार तक्रारी येऊ लागल्या. ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुना कोक 'क्लासिक' नावानं परत आणावा लागला. चाचणीत घोटभर प्यायला दिलं होतं. घोटाला गोड आवडतं, घरी बाटली संपवताना तसंच असतं असं नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे 'हे आवडलं तर ते जुनं कायमचं काढून घेऊ, चालेल?' हे कुणी नीट विचारलंच नव्हतं. दक्षिणेतल्या कित्येकांना जुना कोक आपल्या मातीचा वाटे. चवीच्या चाचणीत माती मोजायला रकाना नव्हता.

पहाटे चार ते पहाटे चार

सवयींचा सगळ्यात चांगला खजिना सरकारी आहे, आणि त्यात कुठलीही जाहिरातबाजी नाही. कामगार सांख्यिकी विभाग २००३ पासून दरवर्षी वेळेच्या वापराची पाहणी करतो. निवडलेल्या माणसाला आधी पत्र जातं, मग फोन. 'तुम्ही किती टीव्ही बघता?' असं तिथं कुणी विचारत नाही. काल पहाटे चार वाजता तुम्ही काय करत होता, इथून सुरुवात. झोपलो होतो. किती वाजेपर्यंत? मग काय केलं? कुठं? बरोबर कोण होतं? असं करत आज पहाटे चारपर्यंत आणून सोडतात. माणसाला फुशारकी मारायला जागा राहत नाही, कारण चोवीस तासांची बेरीज चोवीसच व्हावी लागते.

या रोजनिशीतून निघणारा अमेरिकन ऐकीव अमेरिकनापेक्षा वेगळा आहे. तो रोज सरासरी पावणेनऊ ते नऊ तास झोपतो! उलट आरोग्य खात्याच्या पाहणीत साधारण एक तृतीयांश प्रौढ सांगतात की आपण सात तासही झोपत नाही. दोन्ही आकडे सरकारी. रोजनिशीत शनिवार-रविवार येतो, दुपारची डुलकी येते, म्हातारी माणसं येतात, अंथरुणावर तळमळत घालवलेला वेळही त्याच सदरात जातो. पण तेवढ्यानं दरी बुजत नाही. कामाच्या तासांचंही तसंच. जॉन रॉबिन्सन यांनी रोजनिशी आणि तोंडी अंदाज शेजारी ठेवले, तेव्हा आठवड्याला सगळ्यात जास्त तास काम करतो म्हणणाऱ्यांच्याच उत्तरात हवा सगळ्यात जास्त निघाली. आपल्याकडं 'कसं काय' विचारलं की 'बरं चाललंय' म्हणतात; तिकडं 'बिझी' म्हणतात. दमणूक हा तिथं प्रतिष्ठेचा दागिना आहे, हे झोपेच्या एका आकड्यावरून कळलं नसतं. दोन आकडे भांडले म्हणून कळलं.

टीव्ही मात्र खरोखरच बघितला जातो, रोज अडीच ते तीन तास, फावल्या वेळाच्या निम्म्याच्या आसपास. घरकामात पुरुष थोडे सरकले आहेत. स्वयंपाक आणि मागचं आवरणं यांतलं काहीतरी कुठल्याही एका दिवशी करणारे पुरुष २००३ मध्ये ३५ टक्के होते, २०१८ मध्ये ४६. बायका ६६ वरून ६९. म्हणजे तो ओट्याशी आला, पण ती ओट्यापासून हलली नाही. झाडणं-पुसणं, कपडे धुणं यांत तो फारसा सरकलेला नाही: २०२२ साली कुठल्याही एका दिवशी हे काम केलं ४७ टक्के बायकांनी आणि २२ टक्के पुरुषांनी.

मग 'अमेरिकन लोक घरी जेवतच नाहीत' याचं काय? कृषी खात्याचा आकडा त्या बाजूनं बोलतो: देशात खाण्यावर होणाऱ्या एकूण खर्चात निम्म्याहून अधिक वाटा हॉटेलं, कॅन्टीन, पार्सल यांचा. आता कामगार सांख्यिकी विभागाची घरखर्चाची पाहणी काढा. २०२३ साली सरासरी कुटुंबानं किराण्यावर ६,०५३ डॉलर खर्च केले आणि बाहेरच्या खाण्यावर ३,९३३. चित्र उलटं! कोण खोटं? कुणीच नाही. कृषी खातं विक्री मोजतं. त्यात कंपनीच्या खर्चानं झालेली जेवणं, शाळेत मिळणारं खाणं, परदेशी पाहुणे सगळे येतात. दुसरा विभाग कुटुंबाला विचारतो की तुमच्या खिशातून काय गेलं, आणि तिथं उभ्याउभ्या घेतलेली कॉफी विसरली जाते. शिवाय बाहेरच्या थाळीच्या किमतीत वाढप्याचा पगार आणि जागेचं भाडं असतं, घरच्या थाळीत नसतं. डॉलर बाहेर जास्त गेले म्हणून घासही बाहेरच जास्त खाल्ले, असं होत नाही. न्यू जर्सीहून परत आलेल्या काकांना हा फरक सांगून बघा.

रविवारची हजेरी

प्रतिष्ठेची ओढ सगळ्यात स्पष्ट दिसते ती देवाच्या दारी. गेल्या सात दिवसांत चर्चला गेला होतात का, असं गॅलपची संस्था १९३९ पासून विचारत आली आणि कित्येक दशकं उत्तर ४० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिलं. युरोपातली चर्चेस रिकामी होत असताना अमेरिका अढळ, असा निष्कर्ष विद्वानांनीही काढला. १९९३ साली हॅडवे, मार्लर आणि चेव्ह्ज या तीन अभ्यासकांनी ओहायोतली अॅश्टाब्युला काउंटी घेतली. तिथली झाडून सगळी प्रोटेस्टंट चर्चेस शोधली, यादीत नसलेलीही रस्तोरस्ती फिरून हुडकली. हजेरीचे आकडे मिळवले. जिथं मिळाले नाहीत तिथं प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभ्या गाड्या मोजल्या. फोनवर सुमारे ३६ टक्के प्रोटेस्टंट म्हणत होते की आम्ही गेलो होतो. बाकांवर होते २० टक्के.

हे खोटारडेपण म्हणून सोडून दिलं तर मुद्दा निसटतो. 'गेला होतात का?' हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या कानात 'तुम्ही चर्चला जाणाऱ्यांतले का?' असा शिरतो. माणूस मागच्या रविवारबद्दल सांगतच नाही, तो स्वतःची ओळख सांगतो. प्रेसर आणि स्टिन्सन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवलं की चर्चचं नाव न काढता, रविवारी काय काय केलं असं रोजनिशीच्या पद्धतीनं विचारलं की हजेरीचा आकडा बराच खाली येतो.

आता अलीकडचं पाहा. गॅलपच्याच नोंदीत कुठल्यातरी प्रार्थनास्थळाचे सदस्य म्हणवणारे १९९९ साली ७० टक्के होते, २०२० मध्ये ४७. निम्म्याच्या खाली पहिल्यांदाच. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या मोठ्या धर्मविषयक पाहणीत २९ टक्के लोक स्वतःला कुठल्याच धर्माचे म्हणवत नाहीत. खुर्च्या आधीपासूनच रिकाम्या होत होत्या. आता 'जातो' म्हणायची गरजही ओसरली. मला यातला दुसरा बदल मोठा वाटतो. समाजात एखादी सवय आधी मोडते आणि तिची बतावणी नंतर. बतावणी थांबते तेव्हा सवयीमागची लाजही गेलेली असते.

हात धुण्याची लाज अजून शिल्लक आहे. २०१० साली फोनवर ९६ टक्के प्रौढांनी सांगितलं की सार्वजनिक शौचालयातून निघताना आपण नेहमी हात धुतो. त्याच अभ्यासात निरीक्षक न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकांत, शिकागोच्या संग्रहालयात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात केस विंचरण्याचा बहाणा करत बेसिनपाशी उभे राहिले. त्यांनी मोजलं ८५ टक्के. सगळ्यात वाईट गुण अटलांटाच्या बेसबॉल स्टेडियममधल्या पुरुषांना मिळाले. सामना रंगात आलेला असला की साबण आठवत नसावा.

पाणबुडी चालवण्याचा परवाना

आज अडचण वेगळीच आहे: पुढचं दारच उघडेनासं झालंय. प्यू रिसर्च सेंटरच्या टेलिफोन पाहण्यांना १९९७ साली ३६ टक्के प्रतिसाद मिळे. २०१८ मध्ये तो ६ टक्क्यांवर आला. अनोळखी नंबर कोण उचलतो? गंभीर संस्था मग टपालानं, पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठी काढून माणसं निवडतात आणि त्यांचा कायमचा गट बांधतात. ते खर्चिक आहे. स्वस्त मार्ग म्हणजे इंटरनेटवर जो येईल त्याला थोडं बक्षीस देऊन प्रश्नावली भरून घ्यायची. बातम्यांतले 'अमेरिकेतले इतके टक्के तरुण' बरेचदा असे आलेले असतात.

त्यांची परीक्षा प्यूनं २०२२ मध्ये मासलेवाईक रीतीनं घेतली. अशा खुल्या पाहणीत त्यांनी एक प्रश्न घुसवला: एसएसजीएन वर्गाची अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना तुमच्याकडं आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी 'हो' म्हटलं. देशात असे लोक मोजायचे तर टक्का निघणारच नाही. काहीजण न वाचता 'हो, हो' करत बक्षिसाकडं धावत होते. याचा परिणाम पाणबुडीपुरता राहत नाही. २०२३ च्या अखेरीस अशाच एका पाहणीतून बातमी झाली की अमेरिकेतले वीस टक्के तरुण ज्यूंच्या संहाराला थोतांड मानतात. प्यूनं तोच प्रश्न चिठ्ठीनं निवडलेल्या गटाला विचारला तेव्हा आकडा ३ टक्के निघाला. पहिली बातमी जगभर फिरली. दुसरी आपल्यापैकी किती जणांनी वाचली?

आपला रकाना

या मोजदादीत आपली माणसंही आहेत. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत 'हिंदू' ही चक्क वंशाची नोंद होती. कॅलिफोर्नियातले पंजाबी शेतकरी, ज्यांत बहुसंख्य शीख होते, सरकारदरबारी हिंदू वंशाचे ठरले. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. मग भारतीयांच्या संघटनेनं पाठपुरावा केला आणि १९८० पासून 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन मिळाला. माणसं तीच, दर पिढीला वंश नवा.

दरवर्षी होणाऱ्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमध्ये घरी इंग्रजीखेरीज कुठली भाषा बोलता, असा प्रश्न असतो आणि उत्तर हातानं लिहायचं असतं. तिथं मराठी माणूस 'मराठी' लिहितो. तक्त्यांत ती बरीच वर्षं 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' अशा गटात येते. पण त्याहून नाजूक प्रश्न फॉर्म भरणाऱ्या आईबापांचा आहे. आई मराठीत विचारते, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो, आणि रकान्यात मुलापुढंही 'मराठी' लिहिलं जातं. टूसॉनचं कॉटेज चीज आणि न्यू जर्सीच्या एडिसनमधली मराठी यांत फार अंतर नाही. दोन्हीकडं माणूस आपल्या इच्छेची नोंद करतो.

मग वाचायचं कसं?

ऑगस्ट २०२५ मध्ये गॅलपनं जाहीर केलं की दारू पितो म्हणणारे अमेरिकन ५४ टक्क्यांवर आले आहेत. १९३९ पासूनचा हा नीचांक. मथळे झाले, 'अमेरिका पिणं सोडतेय'. आतापर्यंतच्या गोष्टी आठवल्या तर त्याच पाहणीतला दुसरा आकडा आधी बघायचा: थोडी दारूही प्रकृतीला वाईट, असं मानणारे पहिल्यांदाच निम्म्यावर, ५३ टक्क्यांवर गेले आहेत. ज्या गोष्टीची लाज वाढते तिची कबुली कमी होते. तेव्हा खरंच कमी प्यायली जातेय की कमी कबूल केली जातेय, हे ठरवायला विक्री आणि अबकारी कराचे आकडे शेजारी ठेवायला हवेत. कदाचित दोन्ही घडत असेल. पण लाज वाढली एवढं नक्की, आणि सवय बदलण्याची ती एक खूण असते. एवढं वाचता आलं तर पाहणी वाया गेली नाही.

कुठलाही आकडा समोर आला की मी तीन गोष्टी बघतो. कुणाला विचारलं, आणि किती जणांनी दार लावून घेतलं? आठवणीला विचारलं, मताला विचारलं की कालच्या दिवसाला? आणि याच गोष्टीचा दुसरा साक्षीदार, बिल, गाडी, डबा, काही आहे का? दुसरा साक्षीदार नसेल तर आकडा मनात ठेवावा, बोलताना वापरू नये.

हे दुसरे साक्षीदार आपल्याला मिळतात कारण अमेरिकेनं ते उघड्यावर ठेवले आहेत. वेळेच्या पाहणीची, घरखर्चाची नावं-पत्ते काढलेली मूळ माहिती नाशकात बसलेला विद्यार्थीही फुकट उतरवून घेऊ शकतो. गॅलप चुकले तेव्हा त्या चुकीवर अहवाल निघाला, प्यूनं आपला घसरता प्रतिसाद स्वतः छापला. ही सवय मात्र सध्या धोक्यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रोजगाराचे आकडे नापसंत पडताच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कामगार सांख्यिकी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. पुढच्याच महिन्यात कृषी खात्यानं कुटुंबांच्या अन्नसुरक्षेचा वार्षिक अहवाल यापुढं बंद करत असल्याचं सांगितलं. लोक स्वतःबद्दल थोडं खोटं बोलतात, त्यावर शास्त्रानं शंभर वर्षांत उपाय काढले. मोजणाऱ्यालाच खरं बोलायची भीती किंवा खोटं बोलायची सोय लावली तर त्यावर उपाय नाही, कारण मग मागच्या दारालाही कुलूप लागतं.